तुम्ही विचारलंत म्हणून: एकटेपणा मोजतात तरी कसा?

वृद्धांच्या सर्वेक्षणाचं काम करते म्हटलं की हा प्रश्न येतोच, आणि सुरात थोडी थट्टा असते. रास्त आहे. रक्तदाबासारखं यंत्र लावून एकटेपणा कळत नाही. माणसाला विचारावं लागतं, आणि विचारण्यातच सगळी मेख आहे.

सगळ्यात प्रसिद्ध प्रश्नावली १९७८ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झाली. तिच्यात २० विधानं. थकलेल्या माणसापुढे ती वाचत बसणं म्हणजे छळच! २००४ मध्ये तिचं तीन प्रश्नांचं रूप आलं: सोबतीची उणीव भासते का, आपल्याला वगळलं जातंय असं वाटतं का, इतरांपासून तुटल्यासारखं वाटतं का. उत्तर ‘क्वचितच’, ‘कधीकधी’ किंवा ‘बरेचदा’; गुण ३ ते ९; जास्त गुण म्हणजे जास्त एकटेपणा. ‘एकटं वाटतं का?’ असं थेट विचारलं, की कित्येक आजोबा ताठ होतात: “मला काय धाड भरलीय?” या आडवळणाच्या प्रश्नांना मात्र ते उत्तर देतात.

दुसरी मोजणी गोतावळ्याची. समाजकार्याचे अमेरिकी संशोधक लुबेन यांच्या सहा प्रश्नांत आधी नातेवाईक, मग मित्र: महिन्यातून एकदा तरी ज्यांच्याशी भेट किंवा बोलणं होतं असे किती, मनातलं सांगता येईल असे किती, अडीनडीला हाक मारावी असे किती. ३० पैकी १२ पेक्षा कमी गुण म्हणजे माणूस एकाकी पडण्याचा धोका.

गंमत अशी, की दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही. भरल्या घरातल्या आजी तीन प्रश्नांच्या प्रश्नावलीत ८ गुण मिळवतात. एकटे राहणारे एखादे काका दोघांना ओळखतात आणि मजेत असतात. म्हणून मी दोन्ही मोजते. गोतावळा आटलेल्याला ओळखी वाढवून देता येतात, पण जोडीदार गेल्याची पोकळी ओळखींनी भरत नाही.

माझी खरी तक्रार प्रश्नांबद्दल नाहीच. फोनवरून विचारलं की ऐकू न येणारे गळतात. स्मृतिभ्रंश झालेल्यांना यादीतून आधीच वगळलेलं असतं. काही जण दारच उघडत नाहीत. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, नेमके तेच मोजणीबाहेर, आणि सरासरी मात्र छान दिसते. शिवाय आईच्या वतीने मुलगा उत्तर देतो, “तिला काही कमी नाही हो.” बिचारा खोटं बोलत नसतो, त्याला तसंच दिसतं. पण आई मान डोलावते आणि मी गुण लिहिते ३.

म्हणून हल्ली फॉर्मवर दोन रकाने वाढवून घेतलेत: उत्तर कोणी दिलं, आणि तेव्हा खोलीत आणखी कोण होतं.