आमची वाटचाल : परतीची तार

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान होतं. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दारात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागायची. मागं दिवा नसलेल्या ट्रॉलीवर रात्री मोटारसायकल कशी आदळते, हे आपल्या भागाला सांगायला नको. म्हणून वडील बिनदिव्याची ट्रॉली दारातून सोडत नसत. "पैसं मागनं दे, पण लाल दिवा लावून जा," असं म्हणायचे. आमचा धंदा तिथनं उभा राहिला.

कॅम्पिंगच्या ट्रेलरकडं आम्ही वळलो ते एका शिक्षकांमुळं. त्यांनी अँगल आणि प्लायवूड आणून घरच्या अंगणात दोन चाकी ट्रेलर बनवला होता. वायरिंग मी केलं. अंगणात सगळे दिवे झकास लागले. तिसऱ्या दिवशी राधानगरीहून त्यांचा फोन आला : "ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतोय आणि टेललाईट विझतोय." पोरंबाळं बरोबर, वर दाजीपूरचा घाटरस्ता आणि पाऊस. तसाच गाडी काढून निघालो.

चूक माझीच होती. दिव्यांचं अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडं परत जायची वाट, मी ट्रेलरच्या चेसिसला, त्याच्या लोखंडी सांगाड्याला, दिलं होतं, पण चेसिस गाडीला जोडलेली होती फक्त हुकाच्या गोळ्यातून. गोळ्यावर ग्रीस, वर खडखडाट. चेसिसवर ताजा रंग, त्यावरच वॉशर कसलेला. परतीची वाट बंद झाली की करंट दुसऱ्या बल्बच्या फिलॅमेंटमधनं वाट काढतो, म्हणून नको तो दिवा मंद पेटतो. बॅटरीच्या उजेडात रंग खरवडला, हुकाला वळसा घालून गाडीच्या बॉडीपर्यंत वेगळी तार ओढली, तेव्हा दिवे जागेवर आले. त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून आमच्याकडं परतीची तार आधी पडते, बाकीच्या नंतर. गाडी आणि ट्रेलरच्या तारा जोडणाऱ्या सात पिनच्या सॉकेटमध्ये तीन नंबरची पांढरी. दोन ब्रेक 21 वॅटचे, दोन टेल 5 वॅटचे, एक इंडिकेटर 21 वॅटचा. 12 व्होल्टवर सगळे मिळून सहा अँपिअर एकट्या त्या पिनेतून परत येतात. म्हणून बाकीच्या तारा दीड चौरस मिलिमीटरच्या असल्या तरी ती अडीचची घालतो. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थिंग, चेसिसवर भरवसा नाही. जिथं तारेच्या टोकाचा लग बसतो तिथं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर घालायचा, कसल्यावर वरून व्हॅसलीन.

जोड पिळून टेप गुंडाळायचा नाही, डाग देऊन (सोल्डर करून) स्लीव्ह चढवायची, हे 2019 च्या महापुरानं पक्कं पटवलं. प्रयाग चिखलीत पाण्यात राहिलेला एक ट्रेलर आला होता. आधीच्या कुणीतरी केलेले टेपचे जोड हिरवे पडून हातात तुटले, आमचे डाग दिलेले तसेच होते.

आता मुलगी कामात आहे. गिऱ्हाईक निघण्याआधी ब्रेक दाबून धरायला सांगते, मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी मागच्या दिव्याच्या अर्थिंगला लावते. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की ट्रेलर परत आत. परवा आंबोलीला निघालेल्या एका कुटुंबाला तिनं असंच तासभर थांबवलं. मी मधे पडलो नाही.