ताप कधीपासून?

सुई टोचायच्या आधी मी विचारते, ताप कधीपासून? खानापूरच्या आमच्या लॅबमध्ये याचं उत्तर तारखेत सहसा येत नाही. "रोप लावायला वाकलो आणि थंडी भरली." "अमावास्येच्या आदल्या सांजेला." मग मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून दिवस मोजते. चिठ्ठीवर डेंग्यू लिहिलेलं असलं, तरी कुठल्या टेस्टवर भरवसा ठेवायचा ते या मोजणीवर ठरतं. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-वन बघायचं. ते प्रोटीन विषाणूचंच. आयजीएम ही आपल्या शरीरानं केलेली अँटिबॉडी, ती बहुतेकांत पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागते. दुसऱ्याच दिवशी आयजीएम निगेटिव्ह बघून "डेंग्यू नाही हो" म्हणणारे लोक गावोगाव आहेत. त्यांच्यापुढं हात टेकले.

सेंट्रीफ्यूजमधून ट्यूब काढली की खाली गोठलेलं रक्त, वर फिकट पिवळं सीरम. तापातल्या माणसाचं आणि धडधाकटाचं, दिसायला बहुतेक वेळा सारखंच. पण आत बरीच उलथापालथ झालेली असते. संसर्ग झाला की पेशी इंटरल्युकिन-6 हे निरोप्या प्रोटीन सोडतात, आणि ती वर्दी मिळताच यकृताचं लावणीच्या दिवसांतल्या घरासारखं होतं: रोजची कामं राहिली बाजूला, सगळे शेतावर. अल्ब्युमिन हे रक्तातलं नेहमीचं प्रोटीन करणं मागं पडतं, सीआरपी (सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन) भराभर तयार होतं. सहा-आठ तासांत ते चढू लागतं, दोनेक दिवसांत कळस गाठतं. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रोग्यांच्या सीरममध्ये सापडलं.

साध्या व्हायरल तापात सीआरपी बेताचंच वाढतं. बॅक्टेरियाचा मोठा संसर्ग असेल तर लिटरला 100 मिलिग्रॅमच्याही वर जातं. पण हे डोळे झाकून धरू नये. अॅडिनोव्हायरस लहान मुलांत ते चांगलंच चढवतो. विषाणू ओळखायला एमएक्सए हे प्रोटीन जास्त कामाचं. इंटरफेरॉनच्या, म्हणजे विषाणू शिरल्यावर पेशी सोडतात त्या इशाऱ्याच्या, हाकेवर ते पांढऱ्या पेशींत तयार होतं, बॅक्टेरियाच्या तापात फारसं हलत नाही. आमच्याकडं ती टेस्ट होत नाही.

परवा जांबोटीकडच्या एक मावशी रिपोर्ट न्यायला आल्या. एनएस-वन पॉझिटिव्ह, सीआरपी जेमतेम वाढलेलं. पिशवीत अँटिबायोटिकचं पाकीट, आधीच कुणीतरी दिलेलं.

"हे घेऊ की नको गं?"

ते सांगायचं काम माझं नव्हे. दोन्ही आकड्यांखाली पेनानं रेघ मारली, पाकीट रिपोर्टला टाचलं आणि त्यांना डॉक्टरांकडं पाठवलं.