हावड्याचा तरंगता पूल, १:५०० : मधला भाग उघडतोय

मधला सुटा भाग अखेर बसला, आणि नीट उघडतोही. माझ्या दृष्टीने मॉडेलचा जीव तिथेच आहे. खऱ्या पुलावर जहाज आलं की २०० फुटांचा तो तुकडा सोडवून बाजूला न्यायचा आणि तोवर दोन्ही तीरांवरची रहदारी खोळंबायची. पुलाचं सगळं आयुष्य असंच गेलं.

नागपुरात बसून हावडा का, असं काही जणांनी विचारलं. बंगाल नागपूर रेल्वे १९०० मध्ये हावड्यापर्यंत पोचली. त्यानंतर ४३ वर्षं, म्हणजे हा पूल वापरात होता तोवर, आपल्याकडून गेलेला माणूस गाडीतून उतरून बहुधा याच पुलावरून कलकत्त्यात शिरला असेल. आपल्या रेल्वेच्या इतिहासाचं हे दुसरं टोक आहे!

हुगळीवरचा हा टोलचा पूल इंजिनिअर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी २२ लाख रुपयांत उभारला. काम चालू असतानाच, २० मार्च १८७४ च्या वादळात, ‘इजेरिया’ नावाची आगबोट दोर तोडून त्यावर आदळली आणि तीन पोंटून (ज्यांवर पूल तरंगायचा ते पोकळ तराफे) बुडाले. तरी ऑक्टोबरात पूल खुला झाला. लांबी १,५२८ फूट, म्हणजे आपल्या स्केलला ९३ सेंटिमीटर. चार फुटी प्लायवर दोन्ही घाटांसकट मावतो.

पोंटून सनबोर्डचे (हलक्या फोम-शीटचे) केलेत. नदीसाठी रेझीन ओतलं नाही, कारण सुटा भाग सरकायला हवा. त्याऐवजी खालून रंगवलेली अ‍ॅक्रिलिक शीट टाकली. जोडावर बारीक बटण-चुंबक आहेत, बोटाने हलकं ढकललं की तुकडा सुटतो. भरती-ओहोटीबरोबर पूल वर-खाली व्हायचा, म्हणून काठाकडचे गाळे (पुलाचे टोकाचे भाग) पितळी तारेच्या बिजागरीवर ठेवलेत.

मधला रस्ता ४८ फूट रुंद, पण काठाच्या गाळ्यांवर फक्त ४३. मॉडेलमध्ये फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा. तो मी मुद्दाम राखला, कारण ऐन तोंडाशीच रस्ता आवळलेला होता. गर्दी का तुंबायची, हे त्या तीन मिलिमीटरांत दिसतं.

देखावा १९०६ च्या पावसाळ्यातल्या रात्रीचा ठरवलाय. त्या जूनपासून पूल जहाजांसाठी रात्रीही उघडू लागला. समुद्रात जाणाऱ्या मोठ्या आगबोटींना मात्र दिवसाच जावं लागे. म्हणजे उघड्या फटीतून मी मोठी आगबोट दाखवू शकत नाही, छोटंच जहाज हवं. विजेचे दिवे पुलावर १८७९ पासूनच होते, त्यासाठी बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) पिवळसर एसएमडी, म्हणजे अगदी बारीक चपटे, एलईडी आणलेत. वायरिंग या आठवड्यात.

मग वाहनं. २७ ऑगस्ट १९०६ च्या मोजणीत तेरांतली आठ वाहनं बैलगाड्या होती, मीही तेच प्रमाण ठेवणार आहे. या स्केलला बैल चार मिलिमीटरचाही होत नाही. कोणी एवढ्या लहान बैलगाड्या केल्या असतील तर चाकं कशाची केली, ते नक्की सांगा.