१६ तास ठीक, पण बाकीच्या २४ चं काय?

टाइमटेबल लागलं की आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर एकच विषय, तुला किती तास आले, मला किती आले. बाहेरच्यांचं मत ठरलेलं असतं, दोन लेक्चर घेतात आणि पगार उचलतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या रेग्युलेशनमध्ये असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास आणि असोसिएट किंवा प्रोफेसरला १४ तास प्रत्यक्ष शिकवणं आहे, आणि एकूण काम किमान ४० तास. म्हणजे १६ गेले की उरले २४, आणि सगळी गंमत त्या २४ मध्येच आहे.

त्यात लेक्चरची तयारी, रिसर्च, मुलांच्या शंका हे यायला पाहिजे. येतं काय तर नॅकची (कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेची) फाइल, आयक्यूएसीच्या (कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या) मीटिंगा, अ‍ॅडमिशन कमिटी, सुपरव्हिजन, पोर्टलवर मार्क भरणं आणि ते सर्व्हर डाऊन झालं की परत भरणं. वृक्षारोपणाचा जिओटॅग फोटो नीट आला नाही म्हणून लावलेलं रोप उपटून पुन्हा खड्ड्यात धरून उभे राहिलोय आम्ही, चार पीएचडीवाले! आणि बोलायची सोय नाही, कारण अपॉइंटमेंट ऑर्डरमध्ये शेवटी एक ओळ असतेच, प्राचार्य वेळोवेळी सांगतील ती इतर कामे करणे बंधनकारक राहील. त्या ओळीत काहीही बसतं.

शिवाय तास मोजताना वर्गात मुलं किती हे कोणी विचारत नाही, एफवायच्या १२० मुलांचा तास आणि टीवायच्या २० मुलांचा तास कागदावर सारखाच, पण असाइनमेंटचे गठ्ठे घरी कोण नेतं ते टेबलावर दिसतंच की.

२०१६ मध्ये यूजीसीने असिस्टंट प्रोफेसरचे १६ चे २४ तास केले होते, दिल्लीत प्राध्यापकांनी पेपर तपासणीवर बहिष्कार टाकला आणि ते मागे घ्यावं लागलं. तेव्हा लोकांना वाटलं मास्तरांना काम नको. खरी भीती वेगळी होती, प्रत्येकाचे तास वाढले की तेवढ्याच शिकवण्याला माणसं कमी लागतात आणि पहिली कुऱ्हाड अ‍ॅडहॉकवाल्यांवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवाल्यांवर पडते.

आपल्याकडे तर याची दुसरी बाजू आहे. अनुदानित कॉलेजात पद टिकतं वर्कलोडवर, म्हणजे विषयाला किती तास आहेत त्यावर, तुकडी बंद पडली की वर्कलोड गेला, वर्कलोड गेला की पोस्ट धोक्यात. त्यामुळे काम जास्त झालंय असं कोणी म्हणतच नाही उलट तास भरून काढायला एनईपीचे (नव्या शैक्षणिक धोरणाचे) ओपन इलेक्टिव्ह, आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा), जे मिळेल ते घेतात, स्वतःचा विषय असो नसो. सीएचबीवाल्यांचं, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेल्यांचं, तर बोलायलाच नको. नेट-सेट या पात्रता परीक्षा पास होऊन पैसे फक्त घेतलेल्या तासाचे, तयारी आणि तपासणी फुकट.

माझं म्हणणं साधं आहे, ऑर्डरमध्ये तासांबरोबर मुलांची संख्या धरा, कमिटीचं काम दिलं तर तेवढे तास कमी करा आणि ती "इतर कामे" वाली ओळ काढा नाहीतर तिला आठवड्याची मर्यादा घाला. पैसे वाढवून मागत नाहीये कोणी.

तोवर मी एक सुरू केलंय, कुठलंही जादा काम सांगितलं की लेखी ऑर्डर मागते. तोंडं वाकडी होतात पण बरीच कामं टळतात. फक्त ती मग जातात एखाद्या सीएचबीवाल्याकडे, आणि पुढच्या वर्षी परत घेतील की नाही या धाकाने तो बिचारा लेखी काय, तोंडीही काही मागत नाही.