केंद्रक नाही म्हणून अडतंय कुठे?

पेशीचा धडा शिकवून झाला की मला एक प्रश्न हमखास येतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते: जिवाणूच्या पेशीत केंद्रकच नाही, मग प्रथिनं बनतात कशी? आणि अशी पेशी अपुरीच म्हणायची ना?

अपुरी हा शब्द मला अजिबात पटत नाही. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू घ्या. लांबी जेमतेम २ मायक्रोमीटर. बाहेर भित्तिका आणि पटलं, आत पेशीद्रव. त्यातच सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं) वर्तुळाकार डीएनए, घड्या घालून बसलेला. सरळ केला तर दीड मिलिमीटर भरेल, म्हणजे पेशीच्या सातशेपट तरी! त्याच्याभोवती पडदा नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे.

आपल्या पेशीत जनुकाची आरएनए-नक्कल केंद्रकात तयार होते, तिची काटछाट होते, मग ती छिद्रातून बाहेर पडते आणि तेव्हा कुठे प्रथिनं जोडणाऱ्या रायबोसोमच्या हाती लागते. जिवाणूत रायबोसोम शेजारीच असतात. नक्कल अर्धीमुर्धी झालेली असतानाच पहिला रायबोसोम तिचं मोकळं टोक धरतो आणि वाचत सुटतो. त्याच्यामागे दुसरा, तिसरा.

जीवशास्त्रज्ञ ऑस्कर मिलर आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे टिपलं. डीएनएचा बारीक धागा, त्याला लोंबणाऱ्या आरएनएच्या सरी, पुढची सर आधीचीपेक्षा लांब, आणि प्रत्येकीवर रायबोसोमचे काळे मणी. तो फोटो मी वर्गात दाखवते तेव्हा दोन मिनिटं काहीच बोलत नाही.

वेगाचा मेळ तर बघा. नक्कल करणारं विकर (एन्झाइम) सेकंदाला चाळीस-पन्नास अक्षरं लिहितं. रायबोसोम तेवढ्यात पंधरा-सोळा अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, जोडतो, आणि एका आम्लाला अक्षरं लागतात तीन. (सगळ्याच जिवाणूंत अशी जोडी जमत नाही. बॅसिलस सबटिलिसमध्ये नक्कल करणारं विकर बरंच पुढे निघून जातं.)

या लगबगीचा उपयोग काय? ग्लुकोज नसताना लॅक्टोज (दुधातली साखर) मिळालं, की ते फोडणारं विकर ई. कोलाय काही मिनिटांत बनवायला घेतो. लॅक्टोज संपलं की नवी नक्कल निघत नाही, जुन्या नकला काही मिनिटांतच मोडून पडतात आणि त्यांचे सुटे भाग पुढच्या नकलेला लागतात.