तिसरा हात

सोल्डरिंगला, म्हणजे रांगा वितळवून वायरी जोडायला, हात तीन लागतात आणि आपल्याला मिळालेत दोन. एका हातात तापलेली गन, दुसऱ्यात रांग्याची तार. मग ज्या दोन वायरी जोडायच्या, त्या धरायच्या कुणी? नीट मोजलं तर चारच लागतात, पण तिथवर हाव नको.

सेलूला मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मामांनी हा प्रश्न स्वतःपुरता सोडवला होता. रांग्याची तार ते सरळ दातांत धरायचे आणि मान पुढं काढून जोडावर टेकवायचे. तशा अवस्थेतही गिऱ्हाइकाशी बोलणं चालूच असायचं. “होईल का नीट?” असं कुणी विचारलं, की दातांतल्या तारेसकट उत्तर यायचं, “बनी तो बनी, नहीं तो परभणी.” दुकानात ‘सोल्डर’ कुणी म्हणत नसे. ‘शोल्डर मारायचा’, एवढंच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वायरी धरायला मी. पाठीमागं दुसऱ्या एखाद्या रेडिओवर परभणी आकाशवाणी लागलेली आणि समोरून मामांचा एकच मंत्र, “हालू नकू.” तांब्याची वायर बघता बघता तापते. बोटं पोळायची, मी हलायचो आणि डोक्यात टपली बसायची. टपली कशासाठी, हे पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं. रांगा म्हणजे कथील आणि शिसं. त्यांचं प्रमाण ६३-३७ असेल तर तो १८३ अंशांना एकदम वितळतो आणि एकदम गोठतो. पण ६०-४० ची तार १८३ ला मऊ पडते आणि पुरती पातळ व्हायला १९० च्या आसपास जावं लागतं. निवताना याच्या उलट. मधल्या त्या सात-आठ अंशांत तो धड पातळ नसतो, धड घट्ट नसतो. निवत आलेल्या पिठल्यासारखा असतो. नेमकी तेव्हा वायर हलली, की जोड मळकट आणि दाणेदार होतो. वरून धरलेला दिसतो, आतून सुटलेला असतो. चापट मारल्यावर वाजणारे कितीतरी रेडिओ याच दुखण्याचे. म्हणजे खरं कसब तापवण्यात नाही, निवेपर्यंत गप्प राहण्यात आहे, आणि नऊ वर्षांच्या पोराकडून नेमकं तेच होत नाही.

मोठेपणी घरी गन आणली आणि तिसऱ्या हाताचा शोध सुरू झाला. वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे झाले. प्लास्टिकचा चिमटा वायरीआधी वितळला. मग पकडीच्या मुठींना रबर गुंडाळून तिच्या तोंडात वायर अडकवली. ही युक्ती चांगली आहे, फक्त पक्कड आपल्याला हवी त्या बाजूला कधीच तोंड करत नाही. बायकोला दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा ती आली नाही.

शेवटी क्लॅम्पवाला ‘हेल्पिंग हँड’ घेतला. खाली टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू, वर वाकवू तशा वाकणाऱ्या दोन भुजा, टोकाला मगरीच्या जबड्यासारखे चिमटे आणि मधे एक भिंग. आधी जड बैठकीचा घेतला होता, पण त्याला जरा मोठा बोर्ड लावला की बोर्डासकट लवंडायचा. हा लवंडत नाही. अडचण एवढीच, की याला धरायला कड लागते. ओट्याचा कडप्पा त्याच्या जबड्यात मावेना. जेवणाच्या टेबलाला लावला तर, “शिसं का त्यात? मग इथं नाही,” असा निकाल लागला. निकाल बरोबर होता. अखेर आईच्या शिवणयंत्राच्या फळीला तो बसला. खाली पुठ्ठ्याचा तुकडा घालून आवळतो, नाहीतर फळीवर स्क्रूचा वण उठतो. चिमट्यांचे दात वायरीच्या कातड्यात रुततात आणि जोडाची उष्णताही ओढून घेतात, म्हणून त्यांच्यावर हीटश्रिंकच्या, म्हणजे तापवली की आवळून बसणाऱ्या, नळीचे तुकडे चढवलेत.

परवा गावाकडून भाऊ फवारणीचा बॅटरी पंप घेऊन आला. चार्जिंगच्या पिनेची वायर मुळातूनच तुटलेली. पावसानं उघडीप दिली होती, सोयाबीनवर अळी पडली होती, त्यामुळं “उद्या सकाळी पाहिजे.” सोबत मामाही आले होते. आधी बॅटरीच्या वायरी सोडवल्या आणि मग पंखा बंद केला, कारण वाऱ्यानं गनचं टोक निवतं. ऑगस्टच्या उकाड्यात पंखा बंद केल्यावर भावानं माझ्याकडं असं बघितलं, की पंप आपणच मोडला असं मला वाटायला लागलं.

एका चिमट्यात पीन, दुसऱ्यात वायर. मामा भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग बोटानं एक भुजा हळूच ढकलून पाहिली. ती हलली नाही.

“हालत नाही की रे हे.”

“नाही.”

“टपली हाणायचं काम नाही मग.” आणि मला उठवून ते स्वतः यंत्रासमोर बसले. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, हात थोडे थरथरतात. गन त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि सवयीनं रांग्याची तार तोंडाकडं नेली.

“मामा, तोंडात नका धरू. शिसं असतंय.”

तार दातांत धरूनच ते म्हणाले, “आता काय व्हतंय? कवळी हाय.”