टेक्ससचं परमिट, न्यू जर्सीचा पत्ता

टेक्ससचं 'लायसन्स टू कॅरी', म्हणजे अंगावर पिस्तूल बाळगण्याचं परमिट, हातात आलं की वाटतं, हेही ड्रायव्हिंग लायसन्ससारखंच, दुसऱ्या राज्यात गेलो की बदलून घेऊ. तसं ते बदलून मिळत नाही. अंगावर पिस्तूल बाळगण्याचं सर्वसामान्य नागरिकासाठी केंद्रीय परमिट अमेरिकेत नाहीच. प्रत्येक राज्य आपापलं देतं आणि दुसऱ्या राज्याचं मानायचं की नाही हेही तेच ठरवतं. न्यू जर्सी कुणाचंच मानत नाही. डॅलसहून एडिसनला बिऱ्हाड हलवताना जे करावं लागलं ते इथे लिहितोय. फॉर्म भरणं त्यातलं सोपं काम. माणसं फसतात ती दोन राज्यांच्या मधल्या फटीत.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट आधी. एच-१बी किंवा एफ-१ वर असाल तर परमिटचा विचारच नको. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्याला केंद्रीय कायद्याने पिस्तूलच काय, गोळीसुद्धा जवळ ठेवता येत नाही. वैध शिकार-परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. ग्रीन कार्डवाल्याला चालतं. मात्र शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर त्याच्यावर हद्दपारीची टांगती तलवार येते, म्हणून चुकीची किंमत त्याला नागरिकापेक्षा जास्त पडते.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परमिट लागतच नाही. मग काढायचं कशाला? एक तर इतर राज्यं कागद बघतात. दुसरं, केंद्रीय कायद्यानुसार शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत पिस्तूल नेता येत नाही, आणि परमिटची सूट मिळते ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने परमिट दिलं असेल तर. शहरात हजार फुटांत शाळा नाही असा रस्ता शोधून दाखवा! दुसऱ्या राज्याने तुमचं टेक्ससचं कार्ड मानलं तरी ही सूट मिळत नाही, हे बऱ्याच जुन्या परमिटधारकांनाही माहीत नसतं.

आता रस्ता. डॅलसहून आय-३० ने लिटल रॉक, मग आय-४० ने टेनेसी, तिथून आय-८१ धरून व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया आणि शेवटी आय-७८ ने न्यू जर्सी. यात मेरीलँडचा पट्टा जेमतेम १२ मैलांचा, हेगर्सटाउनपाशी. पंधरा मिनिटांत पार होतो, पण मेरीलँडही बाहेरचं कुठलंच परमिट मानत नाही. त्या बारा मैलांसाठी हायवेच्या कडेला थांबून पिस्तूल काढा-ठेवा करण्यापेक्षा निघतानाच ते रिकामं करून पेटीत टाकलेलं बरं.

पेटी कशी, तेही कायद्यात आहे. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने प्रवासाला संरक्षण दिलंय, पण अटींवर. पिस्तूल रिकामं हवं, आणि पिस्तूल किंवा गोळ्या बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. डिकी वेगळी असेल तर डिकीत. एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन असेल तर कुलूपबंद पेटीत, आणि ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन सीटमधला कन्सोल म्हणजे पेटी नव्हे. निघतो तिथे आणि पोचतो तिथे, दोन्हीकडे ती वस्तू कायदेशीर असायला हवी.

गोम या शेवटच्या अटीत आहे. नेहमीच्या आकाराच्या बऱ्याच पिस्तुलांबरोबर १५ किंवा १७ गोळ्यांची मॅगझिन्स येतात. न्यू जर्सीत मर्यादा १० ची. मोठी मॅगझिन्स टेक्ससमध्येच विकायची किंवा मागे ठेवायची आणि दहाची नवी घ्यायची. सामानाच्या ट्रकमध्ये यातलं काहीही चढवू नये.

मुक्कामाबाबत एक जुनं प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. २००५ मध्ये यूटाच्या एका प्रवाशाची नेवार्कला पुढची फ्लाइट चुकली. सामान ताब्यात घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर पिस्तूल जाहीर केल्यावर अटक झाली. २०१० मध्ये अपील कोर्टानेही त्याच्याविरुद्ध निकाल दिला, कारण हॉटेलात पिस्तूल त्याच्या हाताशी होतं. शेवटचा मुक्काम मेरीलँडच्या अलीकडे करावा तो यासाठी.

एडिसनला पोचल्यावर घड्याळ सुरू होतं. २०२२ च्या कायद्यानुसार नव्या रहिवाशाने ६० दिवसांच्या आत 'फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड'साठी (शस्त्र-खरेदीदाराचं ओळखपत्र) अर्ज करायचा आणि बाहेरून आणलेल्या पिस्तुलाची नोंदणी करायची. अर्ज ऑनलाइन, पण आपल्या गावच्या पोलिसांचा ओआरआय नंबर (त्या पोलिस खात्याचा ओळख-क्रमांक) आधी हवा, त्याशिवाय पहिलं पान पुढे सरकत नाही. बोटांचे ठसे आणि मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला दिलेली संमती हेही लागतं. कार्डाची फी ५० डॉलर.

इथे मराठी नाव आडवं येतं. ग्रीन कार्डवर वडिलांचं नाव मधलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त आद्याक्षर आणि ठशांच्या फॉर्मवर तेही नाही. तिन्हीकडे एकच नाव करून घेतल्याशिवाय अर्ज टाकू नका.

अंगावर बाळगण्याचं परमिट याहून वेगळं. फी २०० डॉलर, त्यातले १५० गावाचे आणि ५० राज्याचे. चार ओळखीची माणसं संदर्भ म्हणून द्यावी लागतात. त्यांना प्रश्नावलीची ईमेल जाते आणि ती स्पॅममध्ये पडली की तुमचा अर्ज तिथेच बसतो. चौघांना आधी फोन करावा आणि भरल्यावर पुन्हा विचारावं, थोडा आगाऊपणा झाला तरी चालेल. टेक्ससच्या परमिटसाठी दिलेल्या नेमबाजीच्या चाचणीचा, ३, ७ आणि १५ यार्डांवरून झाडलेल्या ५० गोळ्यांचा, निकाल इथे चालत नाही. न्यू जर्सीची 'सी-केअर' नावाची चाचणी नव्याने द्यावी लागते. निर्णयाला कायद्याने ९० दिवस, वर ३० ची मुदतवाढ.

तोवर पिस्तूल घरात. विनापरमिट अंगावर सापडलं तर तो दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा, शिक्षा ५ ते १० वर्षं. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका आईने अटलांटिक सिटीजवळ ट्रॅफिकसाठी थांबवल्यावर पोलिसाला स्वतःहून आपलं पेनसिल्व्हेनियाचं परमिट आणि पिस्तूल असल्याचं सांगितलं, आणि तिथेच अटक झाली. सुटका पूर्ण झाली ती २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिल्यावर.

परमिट मिळालं तरी हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या, गोळ्या अंगावर चालत नाहीत, घरी ठेवता येतात. ती पोकळी पॉलिमरने भरलेली गोळी राज्य पोलिस त्यात धरत नाहीत, म्हणून इथले बरेच जण हॉर्नाडी कंपनीची तशी गोळी वापरतात.

टेक्ससचं कार्ड फेकू नका. ते बाहेरच्या राज्यातल्या रहिवाशालाही मिळतं, फक्त नवा पत्ता ३० दिवसांत कळवायचा. पण कोलोरॅडो आणि मिशिगन ते तुम्ही टेक्ससचे रहिवासी असेपर्यंतच मानतात. पत्ता बदलला त्या दिवशी ही दोन राज्यं यादीतून गेली. टेक्ससचं नूतनीकरण पाच वर्षांनी, न्यू जर्सीचं दोनच वर्षांनी.